ग्रिप येऊ दे, मग खेळू

"पावडर टाकून झाली असली तर आता मार की रे लेकरा! का अख्खा डबा बोर्डावर उपडा करतोस?"

चंद्राबाईआत्याचा हा आवाज सुधींद्रनं निपाणीत ऐकला होता, शाळेच्या सुट्टीत, कॅरमपुढं मांडी घालून बसलेला असताना. राणी भोकाच्या तोंडाशी आली, की सुधींद्रला हमखास बोर्ड खरखरीत वाटायचा. मग तो पावडर शिंपडायचा, तळव्यानं पसरायचा, हलकी फुंकर मारायचा, स्ट्रायकर बनियनला पुसायचा. तेवढ्यात जेवणाची हाक यायची, राणी जिथल्या तिथं राहायची आणि आत्या कपाळावर हात मारून उठायची.

इतक्या वर्षांनी तोच आवाज त्याला बेंगळूरच्या मारतहळ्ळीतल्या भाड्याच्या घरात, पहिल्या मजल्यावर, सोफ्यावर बसल्या बसल्या स्पष्ट ऐकू आला. आता हातात स्ट्रायकर नव्हता, हातात धरून खेळायचा गेम कन्सोल होता. शेजारी बायको बसली होती, आणि भोकाच्या तोंडाशी राणी नव्हती, संसार होता.

त्याचं असं झालं. घरातल्या मतभेदांचा निकाल ही दोघं रेसवर लावायची. लग्नाच्या वाढदिवसाला कन्सोल घेतला, त्यात गाड्यांच्या शर्यतीचा एक खेळ होता. कन्सोलच्या दोन्ही कडांचे कंट्रोलर सुटे व्हायचे, एक तिला, एक त्याला. सुका कचरा खाली कोण नेणार? रेस. कुणाच्या आईला आधी फोन? रेस. पडवळ की दोडका? रेस. तीन फेऱ्या, निकाल अंतिम, रुसायचं नाही. शाल्मलीची गाडी एक कोंबडी हाकायची आणि सुधींद्रची एक अस्वल. अस्वल बहुतेक वेळा कोंबडीनं उडवलेल्या धुळीत असायचं. त्यामुळं कचरा सुधींद्र न्यायचा आणि पडवळही मुकाट्यानं खायचा.

अशात पुण्यातल्या एका कंपनीनं शाल्मलीला बोलावलं. काम मनासारखं, हुद्दा मोठा, आणि बिबवेवाडीत आईबाबा हाकेच्या अंतरावर. सुधींद्र मात्र चिप तपासायच्या प्रयोगशाळेत कामाला. तिथली यंत्रं काही पुण्याला यायची नव्हती. म्हणजे ती तिकडं, तो इकडं, आणि संसार रात्रीच्या बसमध्ये.

"तुला काय वाटतं?" तिनं विचारलं होतं.

"तू म्हणशील तसं."

खरं तर त्याच्या जिभेवर दोनच शब्द होते. जाऊ नकोस. पण लग्नानंतर पुण्यातली चांगली नोकरी सोडून ती त्याच्यामागं बेंगळूरला आली होती, एका शब्दानंही न कुरकुरता. तिला पुन्हा थांब म्हणायचा हक्क आपल्याला नाही, असं त्यानं मनाशी ठरवून टाकलं आणि ते दोन शब्द गिळले.

शाल्मलीनं त्याच्याकडं क्षणभर बघितलं. "ठीक. मग रेस लावू. मी जिंकले तर जाते. तू जिंकलास तर राहते. खंडेनवमीच्या, म्हणजे इथल्या आयुधपूजेच्या संध्याकाळपर्यंत त्यांना कळवायचंय."

पडवळ, दोडका, जाते, राहते. सगळं एकाच टोपलीत. सुधींद्रला नाही म्हणता आलं नाही. पडद्यावर तीन आलं, दोन आलं, कोंबडीनं पंख फडफडवले, आणि आत्याचा आवाज ऐकू येत असतानाच सुधींद्र ओरडला, "थांब!"

"आता काय?"

"अंगठा घसरतोय. कंट्रोलरच्या ह्या दांडीवर बसवायच्या रबरी टोप्या मिळतात. त्या मागवतो. मग खेळू."

"इतके दिवस कचरा नेताना नाही घसरला तो?"

"ते वेगळं. हे महत्त्वाचं आहे की गं."

टोप्या आल्या. इवल्याशा, काळ्या, मांजराच्या तळव्यासारख्या. त्या बसवल्यावर दांड्या उंच झाल्या आणि कन्सोलच्या पाऊचची चेन लागेना. चेन न लावता ठेवला तर धूळ जाणार. मग मोठी, कडक पाठीची केस मागवली. तिच्यात कन्सोल खुळखुळायला लागला. खुळखुळू नये म्हणून, आणि सराव करताना हाताला भरीव लागावा म्हणूनही, दोन्ही बाजूंना मुठी असलेली ग्रिप मागवली.

"हे लावल्यावर धरायला सोपं झालं का अवघड?" शाल्मलीनं विचारलं.

"सवय व्हायला पाहिजे."

"म्हणजे अजून थोडे दिवस."

"तेवढं लागणारच की."

ग्रिपनं कन्सोलच्या पाठीवरची वाऱ्याची भोकं बुजवली. कन्सोल भाकरीच्या तव्यासारखा तापायला लागला. विशेष म्हणजे संध्याकाळी सुधींद्र ऑफिसातून आला की तो आधीच गरम असायचा. शाल्मली घरून काम करायची. सुधींद्रनं ताडलं. ही दुपारी सराव करते! जायचं म्हणून जीव तोडून सराव करते!

त्यानंतर त्याला बसवेना. रिंग रोडवरच्या ट्रॅफिकमध्ये त्याचा अंगठा आपोआप हवेत वळणं घ्यायचा. मीटिंगमध्ये तो पायानं ब्रेक दाबायचा. उभा राहिला की बसावंसं वाटायचं, बसला की उठावंसं वाटायचं, आणि उठला की तो थेट पुलाजवळच्या रोशनच्या मोबाइलच्या दुकानात जायचा.

"सर, फॅन ले लो," रोशन म्हणाला. बोटभर पंखा, कन्सोलच्या कडेला चिमट्यानं अडकवायचा. "लेकिन फॅन बॅटरी खाएगा. तो पॉवर बँक भी ले लो, पीछे चिपक जाता है. फिर वजन बढेगा, तो एक स्टँड."

"ये सब लगाने से गाडी तेज चलेगी क्या?"

रोशन प्रामाणिक माणूस होता. त्यानं हातातला पंखा खाली ठेवला. "गाडी तो गेम के अंदर है ना, सर."

तरी सुधींद्रनं तिन्ही वस्तू घेतल्या. घरी येऊन सगळं जोडलं. टेबलावर स्टँड, स्टँडवर कन्सोल, पाठीला पॉवर बँक, कडेला पंखा, पोटाला ग्रिप, डोक्यावर टोप्या. वरातीला निघालेल्या घोड्याला जेवढं चढवतात तेवढं त्या बिचाऱ्यावर चढलं होतं. शाल्मली भोवती एक फेरी मारून आली.

"आता हा स्टँडवर उभा राहणार म्हटल्यावर हातात कोण धरणार?"

"कुणीच नाही."

"मग ग्रिप कशाला?"

हा प्रश्न सुधींद्रला रोशनच्या दुकानात सुचला नव्हता.

"यातलं एक तरी घ्यायच्या लायकीचं होतं का रे?"

"रेस झाली की कळेल."

"बरं. अजून काही मागवायचं राहिलंय का?"

तिनं हे टोमण्यानं विचारलं असं त्याला वाटलं. आवाज थोडा वेगळा होता, पण पंख्याच्या घरघरीत त्याच्या कानापर्यंत तो वेगळेपणा पोचला नाही.

होता होता आयुधपूजेचा दिवस उजाडला. झेंडू पिवळा, झेंडू केशरी, रिक्षांच्या कपाळी, बसच्या गळी. गल्लीत केळीचे खुंट उभे राहिले, चौकाचौकात कोहळे फुटले, आणि एरवी हॉर्नशिवाय न बोलणाऱ्या टँकरलाही कुणी तरी गंध लावून नवरदेव केलं. कारण काढायला आता काही उरलं नव्हतं. पाच वाजता रेस. सुधींद्रनं कन्सोल गार राहावा म्हणून सकाळपासूनच पंखा चालू करून ठेवला, आणि तो घरभर येरझाऱ्या घालायला लागला.

दुपारी घरमालकीण भाग्यलक्ष्मीअक्का पूजेचं ताट घेऊन वर आल्या. त्यांचं घराणं कित्येक पिढ्या बेंगळुरातलं. मराठी घरात टिकलेली, पण कन्नडच्या शेजारानं मऊ झालेली. दरवर्षी आपल्या भाडेकरूंच्या हत्यारांची पूजा त्या स्वतः करायच्या. भाडेकरूंवर सोडलं तर ते नुसतं फूल टाकून मोकळे होतात, असा त्यांचा अनुभव होता.

"सुधींद्रा, लिंबं कमी पडली रे. स्कूटरच्या चाकाखाली काय ठेवणार? जा बघू, पळ. आणि फुलंही स्वल्प आण."

सुधींद्र पळाला. लिंबं मिळायला वेळ लागला, कारण त्या दिवशी अख्ख्या मारतहळ्ळीला चाकं होती. तो परतला तेव्हा जिन्यातच त्याला अक्कांचा ओरडा ऐकू आला.

"अय्यो! मी ह्याला टिळा लावला तर हे उलटं मलाच टिळा लावतंय!"

सुधींद्र दारात थबकला. पाटावर नवं वस्त्र घालून मिक्सर, इस्त्री, कात्री, पाना, दोघांचे लॅपटॉप ओळीनं मांडले होते. मधोमध, राजासारखा, स्टँडवर कन्सोल. अक्कांनी भक्तिभावानं चिमूटभर कुंकू नेमकं चालू पंख्यावर ठेवलं होतं. भिंत लाल, पडदा लाल, अक्कांचे पांढरे केस लाल, शाल्मलीचं नाक लाल. टोप्यांवर ओलं गंध थापलेलं, आणि ग्रिपच्या मुठीत झेंडूची दोन फुलं.

त्यानं धावत जाऊन पंखा बंद केला आणि कन्सोल उचलायला हात घातला. अक्कांनी त्या हातावर चापट मारली.

"पूजा झालेल्याला हात? उद्या सकाळी उतरवेपर्यंत काही हलवायचं नाही, काही वापरायचं नाही. सरी? कळलं ना?"

"अक्का, पण पाच वाजता ह्याचं काम आहे!"

"खेळण्याचं कसलं काम? आमच्या ह्यांचा, देवाप्पांचा, लेथ पण आज गप्प बसतो, आणि त्याच्यावर आमचं घर चालतं." अक्कांनी पदरानं कपाळ पुसलं, तशी लाली आणखी पसरली. "पण मशीन भारी हं. किती जोडलंय ह्याला! लेथला पण एवढं नव्हतं."

"पण हे पाटावर ठेवलं कुणी?"

"म्हणजे? मी काय तुमच्या टेबलावरचं उचलते होय? शाल्मलीनंच आणून ठेवलं. मधोमध असू दे म्हणाली."

सुधींद्रनं बायकोकडं बघितलं. ती वाटीतले चुरमुरे निवडत होती. चुरमुऱ्यात निवडण्यासारखं काही नसतं.

अक्का सगळ्यांच्या हातावर चुरमुरे ठेवून, लिंबं घेऊन खाली स्कूटरकडं गेल्या. जाता जाता म्हणाल्या, "फोन तेवढे सोडलेत मी. सणाचे फोन येतात."

दार लागलं. घरात कुंकवाचा वास भरला होता.

"का ठेवलंस?" सुधींद्रनं विचारलं.

"रेस झाली असती तर मी जिंकले असते."

"ते माहितेय. पण म्हणून पाटावर..."

"जिंकले असते, म्हणजे जावं लागलं असतं, सुधी."

सुधींद्रच्या हातातले चुरमुरे गळायला लागले. "मग मुद्दाम हरायचंस की!"

"केला ना सराव! रोज दुपारी, हरायचा! पहिल्या फेरीत मागं राहते, दुसऱ्या फेरीत खड्ड्यात पडते. पण शेवटचं वळण आलं की माझा अंगठाच ऐकत नाही. तुझ्याशी हरणं मला येतच नाही, काय करू?" तिनं नाकावरचं कुंकू मनगटानं पुसलं. ते गालावर गेलं. "टोप्या मागवल्यास तेव्हा बरं वाटलं. ग्रिप मागवलीस तेव्हा आणखी बरं वाटलं. म्हटलं, ह्या निमित्तानं दिवस तरी निघतायत."

"आधी बोलायचंस ना, जायचं नाही म्हणून!"

"कसं बोलू? मी विचारलं, आणि तू काय म्हणालास? तू म्हणशील तसं! मी गेले काय, राहिले काय, ह्याला सारखंच, असं वाटलं मला." शाल्मलीनं फोन उचलला. "संध्याकाळपर्यंत कळवायचंय. सांग. काय कळवू?"

"तू म्हण..." सुधींद्रच्या तोंडून सवयीनं निघालं, आणि तिच्या भुवया वर जाताना बघून तो तिथंच अडखळला.

तो उठला. खिडकीपर्यंत गेला, परत आला, पडद्यावरचं कुंकू उगाच झटकलं. अंगठा पँटच्या शिवणीवर डावं-उजवं, डावं-उजवं करत राहिला. खाली रस्त्यावर कुणी तरी कोहळा आपटला, स्कूटर सुरू झाली, अक्का कुणाला तरी लिंबावरून सावकाश ने म्हणून ओरडल्या. शाल्मली फोन हातात धरून बसली होती. तिनं त्याच्यावरून नजर काढली नाही.

सुधींद्र तिच्या समोर खाली जमिनीवर बसला. हाताला चिकटलेला शेवटचा चुरमुरा त्यानं झटकला.

"जाऊ नकोस," तो म्हणाला. "मला तू इथं हवी आहेस. त्या दिवसापासून हेच म्हणायचं होतं."