झाडाला प्लास्टर घालणारे बापटसर

माणसांची हाडं जोडता जोडता थेट झाडाला प्लास्टर घालणारा डॉक्टर मी आयुष्यात एकच पाहिला. आमचे बापटसर.

आयर्लंडमध्ये, कासलबारच्या इस्पितळात, ते हाडांचे डॉक्टर आणि मी त्यांच्या हाताखाली. २००६ च्या आसपासची गोष्ट. सर पुण्याचे, अंडंसुद्धा न खाणारे. आणि छंद कसला, तर हरणाच्या शिकारीचा! बंदूक अर्थात पॉड्रिगची. पॉड्रिग म्हणजे इस्पितळातला निवृत्त वॉर्डबॉय. सरकारी जंगलात शिकारीचा परवाना त्याच्याकडे होता. हरणं कुठून ये-जा करतात ते शोधायला सर झाडाला कॅमेरा बांधत. समोर काही हललं की तो आपोआप फोटो काढायचा.

"मी फक्त निदान करतो," सर म्हणायचे, "ऑपरेशन पॉड्रिगचं."

पॉड्रिगचा नेम इतका दयाळू होता की सरांच्या शाकाहाराला कधीच धक्का लागला नाही.

पण जंगल सगळ्यांना मोकळं. पहिला कॅमेरा महिन्याभरात चोरीला गेला. सरांनी दुसरा साखळीने बांधला, वर कुलूप. चोराने कॅमेरा नेला, साखळीही नेली, कुलूप तेवढं सरांसाठी ठेवलं. मग सर कोरोलाच्या टपावर शिडी बांधून गेले आणि तिसरा पार उंच टांगला. तो टिकला, पण त्यात दिसले फक्त कावळे. एकाच कावळ्याचे एकोणचाळीस फोटो.

"केस साधी आहे," सर सोमवारी कँटीनमध्ये म्हणाले. "दिसला नाही तर चोरणार काय?"

त्यांनी कॅमेरा खाली आणला, खोडाला लावला, भोवती प्लास्टर घातलं, भिंगापुरती जागा सोडली आणि वरून साल, शेवाळ चिकटवलं. इतकं बेमालूम की पुढच्या रविवारी त्यांना स्वतःलाच ते झाड सापडेना. दोघं तासभर, रोग्याची छाती तपासावी तशी, झाडं ठोकत हिंडले. शेवटी पॉड्रिगच्या कपाळाला कॅमेरा लागला. "ग्रँड!" तो टेंगूळ चोळत म्हणाला, "सापडला!"

मार्चमध्ये पॉड्रिग गेला. झोपेतच.

महिनाभर सर जंगलाकडे फिरकले नाहीत. गेले तेव्हा तिथल्या पावसाने प्लास्टर पार विरघळवलं होतं. कॅमेरा नव्हता.

"नवा घेऊ, सर," मी म्हणालो.

"कॅमेऱ्याचं काय घेऊन बसलास? आतलं फोटोंचं कार्ड गेलं माझं."

दुसऱ्या दिवशी त्यांनी त्या झाडाला प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून इंग्रजीत चिठ्ठी लावली. मजकूर असा: कॅमेरा ठेवून घे. कार्ड तेवढं परत कर. त्यात माझा मित्र आहे.

मला वाटलं, सरांचं काहीतरीच. पण दहा दिवसांनी त्याच खोडाला पावाची रिकामी पिशवी बांधलेली सापडली. आत कार्ड आणि कागदाचा कपटा, त्यावर 'सॉरी फॉर युअर ट्रबल'. इथे मयताला गेल्यावर लोक हेच म्हणतात.

संध्याकाळी सरांनी मला घरी बोलावलं, कारण कॉम्प्युटर त्यांना जमत नसे. मी कार्ड लावलं. धुकं. पाऊस. हरणाचा अर्धा पार्श्वभाग. आणि मग पॉड्रिग. टोपी काढून, केसांवरून हात फिरवून, कॅमेऱ्यासमोर वाकून हात जोडलेला. दर रविवारचा एकेक नमस्कार.

"या येड्याला शंभरदा सांगितलं," सर हसत म्हणाले, "समोरून जाऊ नकोस, हरणं बिथरतात." मग चष्मा काढून पुसायला लागले. बराच वेळ पुसत होते. "इथे आल्यापासून माझ्या घरी जेवायला आलेला हा एकच माणूस. आमटी वाटीने प्यायचा."

मी पुढचा फोटो लावला नाही.

"रविवारी तुला काय काम असतं रे?" सरांनी स्क्रीनकडे बघतच विचारलं.

कपडे धुवायचे होते, परीक्षेचा अभ्यास होता, आईला फोन होता.

"काही नाही, सर," मी म्हणालो.