शेजारच्या सीटवरचे मास्तर

दारू पिऊन गाडी चालवणे हा गंभीर गुन्हा आहे, याबाबत समाजात संपूर्ण एकमत आहे. हे एकमत आपल्या घरातला माणूस पकडला जाईपर्यंत टिकते. त्यानंतर वकील लागतो.

ड्रायव्हिंग स्कूलचे मास्तर वकिलांकडे गेले तेव्हा त्यांचे तोंड एवढेसे झाले होते. मित्राच्या दुकानाच्या उद्घाटनाहून भर दुपारी परतताना त्यांनी गाडी फुटपाथवर घातली होती. तिथे शिलाई मशीन मांडून एक बाई बसल्या होत्या. (बाईंकडे बसण्याची परवानगी नव्हती, हे वकिलांनी पहिल्याच भेटीत टिपून घेतले.) बाईंचा पाय मोडला. मशीन पायाने चालवायचे असल्यामुळे धंदाही बसला, पण त्याला वेगळे कलम नाही.

वेटरने जेवणाचे पदार्थ सांगावेत तशा वकिलांनी शिक्षा सांगितल्या: दंड, कैद, किंवा दोन्ही, आणि वर परवाना रद्द. कैदेपर्यंत मास्तर धीराने ऐकत होते. परवान्याचे नाव निघताच त्यांना दरदरून घाम फुटला. स्वतःचाच परवाना गेलेल्या मास्तरांकडे गाडी शिकायला कोण कशाला येईल? पोटावरच पाय येणार होता.

पण कायदा दयाळू असतो. फुंकायच्या यंत्राची तपासणी मुदतीत झालेली नव्हती, म्हणून यंत्र बाद ठरले. (मास्तरांची तपासणी मुदतीत झाली होती, पण ती धरत नाहीत.) रक्त घ्यायचे तर डॉक्टर जेवायला गेले होते, आणि ते परत येईपर्यंत मास्तरांची उतरली होती. उरले फक्त गाडी नागमोडी येताना पाहणारे साक्षीदार.

"मास्तर, न पिता तरी तुम्ही सरळ चालवता का?" वकिलांनी विचारले.

मास्तर दुखावले. मग त्यांच्या लक्षात आले, की ती दुपार सोडली तर आपण कित्येक वर्षांत गाडी चालवलेलीच नाही. शिकवणाऱ्याची जागा शेजारच्या सीटवर, पायाशी जादा ब्रेक. घरची गाडीसुद्धा बायको चालवायची आणि हे शेजारून ओरडायचे. वकिलांचा चेहरा खुलला. बचाव उभा राहिला: आरोपी शुद्धीतही असाच चालवतो, सबब सदर नागमोड दारूची नसून व्यवसायजन्य आहे. न्यायालयाने आवारात प्रात्यक्षिक ठेवले.

आदल्या दिवशी मास्तरांनी मैदानावर सराव केला. गाडी सुतासारखी सरळ गेली. वळणावर सिग्नलही दिला गेला. रात्रभर त्यांचा डोळ्याला डोळा लागला नाही. सकाळी बायकोने मुकाट्याने कपाट उघडले आणि पेला भरून समोर ठेवला.

"अहो, थोडीशी घ्या," ती म्हणाली. "निदान पोरांच्या तोंडाकडे बघून."

प्रात्यक्षिक उत्तम झाले. मास्तरांनी दोन कुंड्या, एक सायकल आणि फाटकाचा खांब घेतला. आरोपीच्या प्रामाणिकपणाबद्दल न्यायालयाने समाधान व्यक्त केले. कुणी फुंकायला सांगितले नाही, कारण यंत्र बाद होते. शिवणवाल्या बाई कुबडी घेऊन आल्या होत्या. त्यांना शिपायाने गाडीच्या वाटेतून बाजूला व्हायला सांगितले, आणि त्या झाल्याही. पायाचा दोष विनापरवाना बसलेल्या बाईंकडेच गेला, आणि मास्तर परवान्यासकट निर्दोष सुटले.

त्याच दुपारी हॉटेलात आनंदाचे जेवण झाले. वकिलांनी आग्रह केला, मेहुण्याने त्याहून जास्त केला. बायको पोरांना शाळेतून आणायला रिक्षाने आधीच निघून गेली होती, म्हणून निघताना किल्ली मास्तरांनीच उचलली. त्यांचा हात किल्लीवर दुसऱ्या खेपेला पडला, हे सगळ्यांनी पाहिले. मेहुण्याने खांद्यावर थोपटत मोठ्या मायेने सांगितले, "हळू जा हं. पोहोचलात की फोन करा."

वाचकहो, तुम्ही मान हलवता आहात, ते योग्यच आहे. मागच्या खेपेला किल्ली उचलणारा माणूस तुमचा होता, आणि तुम्हीही त्याला हेच सांगितले होते. त्याचा फोन आला आणि तुम्ही निर्धास्त झोपलात. वाटेत कुणी होते का, एवढे विचारायचे राहून गेले.