नथ्थूभाऊंची पट्टी

नथ्थूभाऊ रंगाऱ्याच्या डाव्या हातावर बारा महिने कागदाच्या पट्ट्या चिकटलेल्या. कारंजा गावात नवखा आलेला माणूस हमखास विचारायचा, "भाजलं काय हो?"

"भाजलं नाही जी. परीक्षा चालू हाय."

दारावर नाहीतर बैलांच्या हलक्या गाडीवर, दमणीवर, दोन रंगांची सरळ रेघ हवी, तर एका रंगावर पट्टी लावायची, शेजारी दुसरा मारायचा आणि तो अर्धवट वाळला की पट्टी ओढायची. त्यासाठी भाऊ घरी बाभळीचा डिंक शिजवत. वाळून तडकू नये म्हणून त्यात गूळ. लाकडाला दाट डिंक, मोटारीच्या पत्र्याला पातळ, चुन्याच्या भिंतीला नुसती ज्वारीच्या पिठाची खळ.

"धरनं सोपं हाय जी, सोडनं शिकवा लागते कागदाले!"

परीक्षेला स्वतःचा हात पुरेना, तेव्हा शेजारी म्हणून मी सापडलो. शाळेत निघालो की हाक यायची, "मास्तर, हात आना!" आणि पट्टी चिकटवून खर्रकन ओढायचे. केस उपटले तर "लाकडाले चालते", नाही उपटले तर "भिंतीले". माझी बायको म्हणाली, "एकाच हाताची हजामत? दुसऱ्यानं काय घोडं मारलं?"

एका दिवाळीच्या तोंडावर मात्र त्यांनी मला हळूच घरात बोलावलं. भिंतीला ताजा चुना, मधोमध चौकोनी कागद. भाऊंची बायको, आमच्या वहिनी, तापानं गेल्या त्याला सात वर्षं झाली होती. लग्न होऊन आल्या त्या दिवशी त्यांनी तिथं हळदीचा हात उमटवला होता. दर दिवाळीला चुना मारण्याआधी भाऊ तो झाकत. मधे कोरडा कागद, कडेला खळीच्या पट्ट्या.

"यंदा हात थरथर कापून राह्यले, मास्तर. तुमी ओढा. तो हात गेला, तं तिचं काहीच नाही उरत माह्यापाशी."

मी पट्टीची कड उचलली. श्वास धरून ओढत गेलो. अंगठा दिसला, पिवळा तळवा दिसला, तीन बोटं सुखरूप. पण लावताना भाऊंचा हात हलला असावा, खळ आत पसरली होती. करंगळीचं टोक पट्टीबरोबर निघून आलं.

"चुकलं हो भाऊ," मी म्हणालो. मला फार वाईट वाटलं.

भाऊंनी पट्टी उलटी करून पाहिली. मग बाकीच्या पट्ट्यांशेजारी आपल्या हातावर ठेवली आणि बोटानं दाबत राहिले.

दुसऱ्या दिवशी बाकीच्या सगळ्या खर्रकन ओढल्या. तेवढी एक ठेवली.