राहीबाईची गाडी आणि बारा ढकलणारे

एका जंगलात, बाळांनो, एक पोस्ट ऑफिस होतं. जंगलात पोस्ट कशाला, असं विचारायचं नाही. विचारणाऱ्याला मागच्या रांगेत बसवण्यात येईल.

पोस्टमास्तर होते घुबडराव. ते दिवसा झोपत. ऑफिस दिवसाच उघडं असे. यात कुणालाच काही वावगं वाटत नसे.

पत्रं वाटायचं काम राही साळिंदरणीचं. काम तिच्या अंगालाच बसलेलं. एकेका काट्याला एकेक पत्र टोचायचं. पुढच्या काट्यांवर ओढ्याकाठचे पत्ते, मागच्यांवर टेकडीपलीकडचे. टोचलं की निघायचं. सोळा वर्षांत एक पत्र हरवलं नाही. भोकं मात्र सगळ्यांना पडली.

मग एका दुपारी चिंचेची फांदी मोडून तिच्या कमरेवर आली. जीव वाचला, मागचे पाय गेले. गेले म्हणजे होते जागच्या जागी, पण सांगितलेलं ऐकेनात. सकाळी उठल्यावर राहीबाई त्यांना सवयीने म्हणायची, "चला." ते ढिम्म. "अरे, चला की!" तरी ढिम्म. मग ती काटे पाडून भिंतीकडे तोंड करून पडायची.

टपाल तात्पुरतं सशाकडे गेलं. ससा पळायचा झकास. पत्रं वाटेत गळायची. टेकडीपलीकडची पत्रं तर तो बिळातच ठेवायचा. तिकडे चढ आहे, म्हणायचा.

एके दिवशी ठकाजी सुतारपक्षी राहीबाईच्या दारात एक खुर्ची ठेवून गेला. चार चाकं, खाली बॅटरी, उजव्या हाताला एक आखूड दांडी. जंगलात वीज कुठली? अहो, लोडशेडिंग होतं, म्हणजे वीज असणारच.

"मी नाही बसायची त्यात," राहीबाई म्हणाली. "त्यात बसले की संपलंच सगळं."

"नको बसूस. फक्त उन्हात ठेवू नकोस. बॅटरी तापते. ऊन आलं की सावलीत घे."

आणि उडाला. चावट पक्षी!

ऊन आलं. राहीबाईला वस्तू खराब झालेली बघवत नसे. तिने खुर्ची ओढून पाहिली. दगडासारखी जड. ती हलवायचा एकच मार्ग होता.

बसली. दांडी पुढे लोटली.

बाळांनो, काय सांगू! खुर्ची सावलीत गेली. सावलीतून पलीकडे गेली. वारुळातून आरपार गेली. बदकांची शाळा चालली होती, तिची पहिली रांग आणि दुसरी रांग यांच्यामधून गेली. दांडी सोडली की गाडी थांबते, हे राहीबाईला करवंदीच्या जाळीत शिरल्यावर कळलं. तिथून तिने पुन्हा दांडी लोटली. या वेळी मुद्दाम.

पंधरा दिवसांत जंगलातल्या निम्म्या शेपट्या चाकाखाली येऊन गेल्या. सशाची दोनदा आली. पहिल्यांदा चुकून.

सोळाव्या दिवशी ती बोरीचा चढ चढली. ती धडधाकट असतानाही हा चढ तिला धाप आणायचा. वर पोचून तिने धाप लागायची वाट पाहिली. लागलीच नाही. मग ती एकटीच इतकी हसली की बोरीवरचे पोपट उडाले.

"एक लक्षात ठेव," ठकाजी म्हणाला. "मागच्या चाकापाशी ही पिवळी कळ आहे. वर असली की गाडी तुझी. खाली केली की मोटर सुटते, ब्रेकही सुटतो. मग गाडी ढकलणाऱ्याची."

राहीबाई तशीच पोस्टात गेली. घुबडरावांना उठवलं.

"मास्तर, माझं काम मला परत द्या."

घुबडरावांनी चारदा डोळे मिटले, तीनदा उघडले. "परीक्षा द्यावी लागेल. उद्या तेरा पत्रं. ज्याचं त्याच्या हातात. सूर्य डोक्यावर यायच्या आत. जमलं नाही तर टपाल कायमचं सशाला आणि तू मानद पोस्टबाई."

"मानद म्हणजे काय करायचं?"

"घरी बसायचं. मानाने."

ही बातमी जंगलात पसरली आणि जंगलाला एकदम पाझर फुटला. त्याच संध्याकाळी 'राहीबाई मदत मंडळ' स्थापन झालं. अध्यक्ष दाजीसाहेब हत्ती. चिटणीस कोल्हीणबाई. उरलेले दहाच्या दहा उपाध्यक्ष. हसू नका, तुमच्या गल्लीतलं मंडळ आठवा.

सकाळी राहीबाई तेरा पत्रं टोचून निघाली, तर बारा जण दारात.

"राहीताई, तुम्ही नुसतं बसा," दाजीसाहेब म्हणाले. "बोटसुद्धा हलवू नका."

"दाजी, गाडी आपली आपण चालते हो."

"चालणारच! आम्ही ढकलतोय ना!"

आणि त्यांनी ढकललं. गाडी हलेना. कोल्हीणबाईने वाकून पाहिलं, पिवळी कळ खाली केली. "आता बघा, कशी लोण्यासारखी जाते!"

राहीबाईने दांडी लोटली. काही नाही. पुन्हा लोटली. काही नाही. असंच ढिम्म तिने याआधीही अनुभवलं होतं. तिने मागे हात घातला, पण कळ हाताला लागेना.

एरवी तिने काटे ताठ केले असते, मग कोण मागे उभं राहतं ते बघायचंच. पण काट्यांवर टपाल होतं. टपाल असताना काटे उभारले की पत्रं उडतात, खात्याचा नियमच होता. तेव्हा ती बसली, काटे पाडून.

पहिलं घर आलं. दार बंद.

"थांबा, दाजी! हे तुमचंच घर. पत्र द्यायचंय."

"आत कोणी नाहीये," दाजीसाहेब जोर लावत म्हणाले. "माझ्या घरात कोणी आहे की नाही, मला माहीत नाही का? चला पुढे!"

दुसरं घर, कोल्हीणबाईचं. दार बंद. तिसरं बंद. चौथं, पाचवं, सगळ्या ओढ्याकाठाला कुलूप. राहीबाई "पोस्ट!" म्हणून ओरडायची आणि गाडी पुढे निघून जायची. मधेच मंडळी थांबली, तिला ताक पाजलं, माकड उपाध्यक्षांनी तिच्या धैर्यावर चार शब्द सांगितले. सूर्य चढत होता. बारा जणांना बारा दिशा ठाऊक होत्या, त्यामुळे गाडी वडाला दोनदा प्रदक्षिणा घालून आली.

टेकडीच्या माथ्यावर मंडळाला धाप लागली. राहीबाईला सोडून सगळ्यांना. गाडी दाजीसाहेबांनी सोंडेने धरून ठेवली.

सूर्य डोक्यावर यायला चार बोटं उरली होती. काट्यांवर तेराच्या तेरा पत्रं. 'मानाने बसायचं,' तिला आठवलं. पत्रं मोजायला तिने मान वळवली.

मागे बारा जण धापा टाकत उभे होते. तिने त्यांच्याकडे पाहिलं. पत्रांकडे पाहिलं. पुन्हा त्यांच्याकडे.

घरी नव्हते ते सगळे इथे होते!

"पोस्ट!" ती अशी कडाडली की माकड उपाध्यक्ष झाडावरच चढले. "दाजीसाहेब गजे! सही करा! कोल्हीणबाई, हे तुमचं! माकडराव, उतरा खाली, तुमचं आहे!"

एका दमात बारा पत्रं, बारा सह्या.

दाजीसाहेबांनी भोकातून एक डोळा लावून पत्र वाचलं. मंडळानेच मंडळाला पाठवलेलं आमंत्रण होतं ते. राहीबाईला मार्गी लावल्याबद्दल मंडळाच्या बाराही पदाधिकाऱ्यांचा भव्य सत्कार, संध्याकाळी, वडाखाली.

"माझं नाव दुसरं?" दाजीसाहेब म्हणाले. "मी अध्यक्ष असून?"

"यादी मी लिहिली," कोल्हीणबाई म्हणाली.

"आणि माझ्या नावात भोक कुणी पाडलं?" माकडराव.

जी जुंपली! भांडायला दाजीसाहेबांना सोंड लागली. त्यांनी गाडी सोडली.

पिवळी कळ खालीच होती, बाळांनो. ब्रेक नाही, मोटर नाही. गाडी टेकडीपलीकडच्या उतारावरून निघाली. आधी हळू. मग हळू नाही. ससे बाजूला, होले वर, धूळ मागे. राहीबाईने घाबरायला तोंड उघडलं आणि बाहेर पडलं "हुईऽऽऽ!" तिला स्वतःलाच नवल वाटलं.

पण उताराच्या शेवटी ओढ्याचं वळण होतं. तिने पाठीवरचा एक सैल काटा उपटला, वाकली आणि काट्याच्या टोकाने पिवळी कळ वर ओढली. गाडी गचकन थांबली. ओढ्यातल्या बेडकाने डोळे मिटले होते, ते उघडले.

राहीबाईने दांडीवर हात ठेवला. हळूच लोटली.

गुर्रर्र.

गाडी तिची होती. खात्याचा नियम मोडून तिने सगळे काटे ताठ उभारले. मधल्या काट्यावर तेरावं पत्र झेंड्यासारखं फडफडत होतं. अशी ती धोंडोपंतांच्या दारात पोचली.

धोंडोपंत म्हणजे म्हातारं खवले मांजर. मंडळात नव्हतं. त्याला कुणी घेतलंच नव्हतं.

"कोण आहे?"

"पोस्ट!"

दार उघडलं. "ही वेळ झाली यायची? चार महिने! चार महिने लेकीचं पत्र नाही! झोपा काढत होतीस काय? आणि ती गाडी बाजूला घे, माझ्या मुंग्यांची वाट आहे ती!"

राहीबाईने दांडी वळवली आणि गाडी बाजूला घेतली. धोंडोपंतांनी पत्र उघडलं. नाकाला लावलं. लांब धरलं.

"हे बघ! नातवाचं नाव ठेवलंय आणि नेमकं नावातच भोक! सोळा वर्षं सांगतोय तुला, कडेला टोच, कडेला!"

राहीबाईच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. फांदी पडल्यापासून तिला कुणी रागावलंच नव्हतं.

"रडतेस काय? सही कुठे करू?"

"इथे," राहीबाई म्हणाली. "पुढच्या वेळी कडेला टोचेन."

"खोटारडी," धोंडोपंत म्हणाले आणि सही केली. सूर्य डोक्यावर यायला अजून अर्धं बोट होतं.

संध्याकाळी सत्कार झाला. व्यासपीठाला सात पायऱ्या होत्या. उतरता रस्ता करायचं बाराही जणांच्या डोक्यात आलं नाही. राहीबाईला मात्र ते कळलंसुद्धा नाही. ती सशाच्या बिळातलं चार महिन्यांचं टपाल उपसत होती.

तात्पर्य: कुणाला मदत करायची फारच उबळ आली, तर आपल्या घरी जाऊन स्वस्थ बसावं आणि टपालाला उशीर का झाला म्हणून खच्चून ओरडावं.