मोहितेकाकांचे कान

मोहितेकाका कोणाच्याही गाडीत बसण्याआधी ती रिकामी करायला लावतात. डॅशबोर्डवरचा गणपती, कप्प्यातली चिल्लर, मोबाइल, वायरी, सगळं बाहेर. गाडीचा मालकसुद्धा बाहेर. "भिया, डॉक्टर काय स्वेटरवरून छाती तपासतो क्या?" असं इंदुरी थाटात विचारतात. मग काचा वर करून आपला पेन ड्राइव्ह लावतात, डोळे मिटतात आणि एक्सिलेटर दाबत ऐकत बसतात.

काका आमच्या शेजारी एकटेच राहतात. चाळीस वर्षं त्यांनी रेडिओ-टेप दुरुस्त केले. आता कॉलनीतल्या गाड्यांच्या स्पीकरमधले नको ते आवाज हौसेनं शोधून देतात. इंजिनाबरोबर चढत जाणारी शिट्टी म्हणजे 'मच्छर', इंडिकेटरबरोबर टिकटिकणारी 'छिपकली'. मी नाशिकहून नोकरीसाठी इंदूरला आलो, तेव्हा पहिल्याच आठवड्यात त्यांनी भिंतीपलीकडून आमचा मिक्सर ऐकून "दो दिन का मेहमान" असं सांगितलं होतं. मी हसण्यावारी नेलं. तिसऱ्या दिवशी बायकोनं चटणी पाट्यावर वाटली.

या कानांचा त्यांना भारी अभिमान. "आमचे पणजोबा दरबारच्या तोफखान्यात. साठीत ठार बहिरे. आजोबा तसेच, वडील पण तसेच. खानदान में मैं अकेला बच गया."

गेल्या महिन्यात माझ्या गाडीत मच्छर शिरला. गाणं लावलं की मागे बारीक कुंईऽऽ, वेग वाढवला की आणखी बारीक. काका आले. शिरस्त्याप्रमाणे गाडी रिकामी झाली, मीही बाहेर. दहा मिनिटांनी ते खाली उतरले.

"मला तर काहीच नाही ऐकू येऊन राहिलं."

"असं कसं काका? रोज येतो. चांगला मोठ्यानं येतो."

काकांचा चेहरा उतरला. "अच्छा," एवढंच म्हणून ते घरी गेले. नंतर चार दिवस गॅलरीत दिसले नाहीत. बायको म्हणाली, "तुम्ही म्हाताऱ्या माणसाला काय बोललात?" मला जेवण गोड लागेना.

रविवारी आम्ही मानपूरकडे फिरायला निघालो. गाणं माझ्या फोनवरून, वायर जोडून, चालू होतं आणि फोन गाडीच्याच चार्जरला लावलेला. शंभर टक्के झाला म्हणून बायकोनं चार्जर काढला, आणि मच्छर मेला. पुन्हा लावला, जिवंत. तीनदा करून पाहिलं. गाडीला दोन वाटांनी जोडलेला फोन गुणगुणत होता, आणि काकांनी तपासणीआधी नेमका तोच बाहेर ठेवायला लावला होता. मला इतकं हलकं वाटलं की मी तिथूनच गाडी वळवली.

काका यायला तयार नव्हते. हाताला धरून आणलं. या वेळी मी आत बसलो, फोन चार्जरला लावला आणि एक्सिलेटर दाबला.

काकांनी डोळे मिटले. "है," ते म्हणाले. मग हळूच, "है रे."

मी चार्जर काढायला हात घातला, तर त्यांनी मनगट धरलं. "राहू दे भिया, थोडा वेळ."

मग ते बोलायला लागले. मुलीची मुलगी पुण्याला, चार वर्षांची, आवाज सुईसारखा बारीक. "म्हटलं, उद्या तिचं बोलणं कळलं नाही तर ती हसेल. म्हणून मुलीला सांगून टाकलं, आता फोन नको, लिहून पाठवत जा. पण त्या पोरीला कुठे लिहिता येतं?"

मी त्यांच्याकडून मुलीचा नंबर विचारून घेतला आणि लावला. काकांचा हॅलो ऐकून मुलीनं फोन नातीकडे दिला. स्पीकरमधून, मच्छरासकट, आवाज आला, "आजोबा, तुम्ही माझ्यावर रागावलात?"

"नाही बेटा," काका म्हणाले. "तू बोल. सगळं ऐकू येऊन राहिलंय."