विकलन येईपर्यंत वेग बदलू नये

आमच्या विद्यापीठात प्रथम वर्षाला भौतिकशास्त्र पहिल्या सत्रात असते, आणि त्यासाठी लागणारे विकलन गणित विभाग दुसऱ्या सत्रात शिकवतो. यात गैर काही नाही. दोन विभागांनी दोन खोल्यांत बसून, एकमेकांशी न बोलता वेळापत्रके केली आणि दोन्हींवर मी सही केली. मी अभ्यासक्रम समन्वयक आहे.

कुरबुर भौतिकशास्त्राच्या बाईंनी काढली. "वेग या क्षणी किती बदलतोय, हे काढायची रीत म्हणजे विकलन. तेच मुलांना येत नाही, तर मी त्वरण शिकवू कसं? दोन तास द्या, मीच शिकवते."

गणिताच्या विभागप्रमुखांना हे कळले मात्र, ते तडक पाचव्या मजल्यावरून माझ्याकडे आले. "आमचं गणित त्या परस्पर शिकवणार? मग उद्या आम्हीही वर्गात लंबक टांगतो."

दोघांचेही म्हणणे मला पटले. असे झाले की मी परिपत्रक काढतो. 'गणित विभागाने विकलन शिकवेपर्यंत भौतिकशास्त्राच्या तासाला कोणत्याही वस्तूचा वेग बदलू नये.'

आठवडाभरात घडी बसली. लंबक दोरीने खिडकीला बांधून ठेवला. उतारावरची गाडी कपाटात गेली. मनोऱ्यावरून दगड खाली सोडण्याची उदाहरणे रद्द करून त्याऐवजी दगड मनोऱ्यावरच ठेवण्याची उदाहरणे घेतली. मुले खूश होती, कारण उत्तर दर वेळी तेच येई.

फक्त पहिल्या बाकावरची एक मुलगी खूश नव्हती. वर्गात तिला 'शंका' म्हणत. तिच्या मामांचा लिफ्ट बसवण्याचा नि दुरुस्तीचा धंदा होता. भाची पदवी घेऊन आली की तपासणीच्या प्रमाणपत्रांवर सही करायला घरचेच माणूस होणार, म्हणून मामा डोळे लावून बसले होते. मात्र भौतिकशास्त्रात नापासच राहिली तर विद्यापीठातली तिची जागा जाणार होती.

ती थेट माझ्याकडे आली. "सर, लिफ्ट वर निघते तेव्हा आपल्याला जड वाटतं, थांबताना हलकं. म्हणजे वेग बदलतोच की. आपल्याच इमारतीत दिवसभर बदलतोय."

मुद्दा रास्त होता. मी त्याच दिवशी लिफ्ट बंद केली.

पंधरवड्यात विभागप्रमुखांचे गुडघे बोलू लागले. धापा टाकत ते माझ्या खोलीत आले आणि खुर्चीचा हात धरून उभे राहिले. "विकलन उद्यापासून शिकवतो. पण ती लिफ्ट सुरू करा."

"सत्र बदलायचं तर बैठक घ्यावी लागेल," मी म्हणालो.

"घ्या."

"सभागृह आठव्या मजल्यावर आहे."

त्यांनी जिन्याकडे पाहिले आणि विषय सोडून दिला.

परीक्षेत प्रश्न आला: लिफ्टमध्ये वजनकाट्यावर माणूस उभा आहे. लिफ्ट वर निघते. काट्यावर काय फरक पडेल? नमुना उत्तर होते, 'काही फरक पडणार नाही.' शंकाने ग्रंथालयात बसून स्वतःच विकलन शिकून घेतले होते. तिने दोन पाने लिहिली, काटा किती पुढे सरकेल ते आकड्यानिशी काढले आणि ती नापास झाली.

"सर, माझं उत्तर बरोबर आहे," ती म्हणाली.

"बरोबरच आहे. पण वेळेआधी आहे."

"मामांना काय सांगू मी?"

"मामांना काही सांगू नकोस. पुनर्परीक्षा दे."

तिने विचारले, "प्रश्न तोच येईल?"

"तोच."

तिने पुनर्परीक्षेत एका ओळीत उत्तर लिहिले आणि पूर्ण गुण मिळवले. निकाल लावताना मला वाईट वाटले, नाही असे नाही. मग चहा घेतला, बरे वाटले. दुसऱ्या सत्रात गणित विभागाने विकलन शिकवले, पण वेगाचे एकही उदाहरण न घेता, कारण वेग हा भौतिकशास्त्राचा विषय. शंका एव्हाना काही विचारत नव्हती.

आता ती मामांच्या धंद्यात आहे. शहरातल्या निम्म्याअधिक लिफ्टमध्ये तिच्या सहीचे प्रमाणपत्र लावलेले असते: 'तपासणी केली. काही फरक आढळला नाही.' तुमच्याही लिफ्टमध्ये आहे. तुम्ही ते वाचलेले नाही.

परवा तुमची लिफ्ट मध्येच हिसका देऊन हातभर खाली आली आणि पुन्हा वर निघाली. शेजारच्या अनोळखी माणसाकडे पाहून तुम्ही कसनुसे हसलात, मग दोघेही वरच्या पंख्याकडे बघत राहिलात आणि आपला मजला येताच उतरून गेलात. कोणाला काही बोलला नाहीत.

आमच्याकडे या उत्तराला पूर्ण गुण आहेत.