महाराजांना दिसेल एवढं भोक

एका जंगलात, मुलांनो, श्वास घ्यायला कोणालाच बंदी नव्हती. फक्त हवा नव्हती.

नदीकाठी तरसाची वीटभट्टी होती. तरस महाराजांचा मानलेला मेहुणा. त्यामुळे भट्टीतून निघतो तो धूर नसून धुकं आहे, असं दरबारी वार्तापत्रात रोज छापून येई.

नकुलराव मुंगसाची लेक चिंगी सारखी खोकायची. नकुलराव शिकलेले. त्यांनी धातूचे कण सेंद्रिय दुव्यांनी, म्हणजे कार्बनच्या साखळ्यांनी, जोडले आणि कणाकणात बारीक बारीक पिंजरे असलेली भुकटी केली. ती वितळवून काच करायची होती. आच कमी पडली की भुकटी तशीच राही, जरा वाढली की जळून जाई. कितीदा तरी पंजे पोळले, तेव्हा काच जमली. दिसायला अगदी गुळगुळीत. पण आत डोळ्यांना न दिसणारी असंख्य छिद्रं. विषारी वायू त्यांत अडके, हवा पलीकडे जाई. नकुलरावांनी ती आपल्या बिळाच्या खिडकीला बसवली.

"बाबा, आज छातीत टोचत नाही," चिंगी म्हणाली.

नकुलराव तशीच एक काच घेऊन तडक दरबारात गेले. प्रत्येक बिळाला अशी खिडकी हवी, म्हणाले.

सिंहमहाराजांनी काच उन्हात धरली. "भोकं कुठायत?"

"फार बारीक आहेत, महाराज. दिसत नाहीत."

कोल्होबा प्रधान गोड आवाजात म्हणाले, "म्हणजे महाराजांची नजर अधू, असं म्हणायचंय का नकुलराव?"

"छे छे! पण..."

"मग दिसेल असं एक पाडा की! लगेच हुकूम काढतो. सगळ्या बिळांना काच."

एक काच गेली तर गेली, जंगल वाचेल, असं नकुलरावांनी मनाला समजावलं. पंज्याएवढं भोक पाडलं. महाराजांनी त्यातून डोकावून पाहिलं. टाळ्या पडल्या.

हुकूम निघाला : काच मंजूर नमुन्याप्रमाणेच, भोकासकट. नकुलराव मुख्य भोक-निरीक्षक झाले.

घरोघरी काच बसली. घरोघरी भोकातून धूर आला. चिंगीनं फडक्याचा बोळा करून भोकात कोंबला. खोकला थांबला.

दुसऱ्या दिवशी कोल्होबा दारात हजर. "निरीक्षकसाहेब, राजमान्य भोक बुजवलंय. आणि तेही तुमच्याच घरात!"

नकुलराव खिडकीपाशी गेले.

"बाबा, नका ना काढू."

"नियम आहे, बाळा," नकुलराव म्हणाले आणि त्यांनी बोळा उपसला.

तात्पर्य : शोध लावावा तर महाराजांना दिसेल असा. खोकला काय, नुसता ऐकू येतो. आणि ऐकायची दरबारात पद्धत नाही.